निघणाऱ्याचं बांधायचं

आई आमच्याकडं राहायला आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची गाळणी सापडेना. गाळणी शोधता शोधता कळलं की कपबशाही नाहीत. तेवढ्यात नवरा गालाला साबण लावून बाथरूममधून बाहेर आला, त्याचा वस्तरा नव्हता. हॉलमध्ये दिवा लावला तेव्हा उलगडा झाला. भिंतीशी ओळीनं गाठोडी ठेवलेली होती. अंथरुणं चादरीत, स्वयंपाकघर दुसऱ्या चादरीत, आणि माझ्या चांगल्या साडीत मिक्सर. मोठ्या पातेल्यात मधलं, मधल्यात लहान, लहानात कप, आणि कपांमध्ये वाजू नये म्हणून लेकीचे मोजे. आई दाराशी बसली होती, काठी हातात.

"मामी, आज मुक्काम कुठं म्हणायचा?" नवऱ्यानं विचारलं.

आईनं जावयासमोर पदर सावरला. "कुठं नाय जी. हाताला ऱ्हावत नाय."

माझ्या आईचं निम्मं आयुष्य मेंढ्यांमागं गेलं. गंगापूरकडं आमचं गाव, पण गावात आम्ही असायचो पावसाळ्यापुरते. दिवाळी झाली की कळप घेऊन गोदाकाठानं निघायचं, ज्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या त्याच्या रानात दोन-चार रात्री तळ टाकायचा, आणि पुढं. मेंढ्या पुरुषांच्या. बाकी सगळं बायांचं: चूल, पोरं, कोंबड्या, कोकरं, ती कोंडायची जाळी. उजाडायच्या आत ते सगळं घोड्यावर चढलेलं पाहिजे. जिचं सामान ऊन आल्यावर जमिनीवर दिसेल, तिच्या माहेराचा उद्धार व्हायचा. आईच्या माहेराचा कधी झाला नाही.

मी त्याच घोड्यावर बसून वाढले आणि मग सुटले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. बी.एस्सी., केमिस्ट्री. हे मी आपण होऊन सांगते, कुणी विचारायची वाट बघत नाही. आज चितेगावला एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते, आणि बीड बायपासच्या अलीकडं आमचा दोन खोल्या आणि हॉलचा फ्लॅट आहे.

माझ्याही सवयी आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. त्या मी मुलींच्या वसतिगृहात शिकले. तिथं नळ एक आणि पोरी भरपूर, म्हणून जी रात्री तयारी करून झोपायची तीच सकाळी वेळेवर कॉलेजात जायची. किल्ली एकाच खिळ्याला. उद्याचे कपडे खुर्चीवर. भाजी चिरलेली. भांडी घासल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. आमच्या भागात पाणी येतं आठवड्यानं वगैरे, तेव्हा त्या दिवशी सुट्टी असो की सण, आधी टाकी, मग पिंप, मग बाकीचं जग. चांगली सवय म्हणजे काही थोर गोष्ट नसते. सकाळी डोकं चालत नाही, म्हणून ते आदल्या रात्री चालवून ठेवायचं, एवढंच. लग्न झालं तेव्हा नवरा हसायचा. तो शेतकऱ्यांच्या घरातला, त्यांच्याकडं वस्तू शोधायला चार माणसं असायची. आता त्याच्या बँकेतले लोक त्याला विचारतात, तुझं सगळं जागेवर कसं असतं म्हणून.

तर अशा घरात माझी आई आली. दोन व्यवस्थित बायका एका घरात म्हणजे काय होतं, ते मला आठवडाभरात कळलं. मी रात्री सगळं जागेवर ठेवायची, ती पहाटे सगळं बांधायची. एकीचंही काही चुकत नव्हतं आणि घरात काही सापडत नव्हतं.

बोलायची मला चोरी होती, कारण तिला मी पाहुणी म्हणून आणलंच नव्हतं. वडील गेले. दोघं भाऊ आणि भावजया कळपाबरोबर. आईचा गुडघा चालायला नाही म्हणतो, म्हणून तिला गावात एकटी ठेवलेली. उन्हाळ्याच्या तोंडाला ती अंगणात पडली, आणि शेजारीण ताक मागायला आली म्हणून सापडली. नाहीतर संध्याकाळपर्यंत तिथंच. मी दुसऱ्या दिवशी जाऊन तिला घेऊन आले. थोरला भाऊ म्हणाला, पाऊस लागला की आम्ही घरी येतो, तेव्हा न्यायला येतो. म्हणजे दिवाळीनंतर पुन्हा ती एकटी. मला ते नको होतं. ती कायमची इथं राहावी, एवढंच मला हवं होतं. पण आमच्यात आई लेकीच्या घरी राहत नाही. चार दिवस राहते, पाचव्या दिवशी लोक विचारतात. तिला थांबवायचं तर एकच रस्ता होता, तिला इथं अवघडल्यासारखं वाटता कामा नये.

आणि माझी बस चुकली.

कंपनीचे बूट सापडले नाहीत. लोखंडी टोकाचे जड बूट, त्यांच्याशिवाय गेटच्या आत सोडत नाहीत. आईनं ते जड म्हणून गाठोड्याच्या बुडाशी घातले होते. घोड्यावर जड माल खाली असतो, नाहीतर पाठ सोलते. तिच्या हिशेबानं बरोबरच. मी बूट घालून जिना उतरले तेव्हा बसची पाठ दिसली. मग रिक्षा, मग पैठण रोडला दुसरी रिक्षा, आणि अर्धा दिवस बिनपगारी. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या येण्यावर आम्ही घड्याळ लावतो, तुम्हीच असं केलं?" ते मला अर्ध्या दिवसाच्या पगारापेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी आई लसूण सोलत बसली होती. वर न बघता म्हणाली, "तुझ्या भावाला फोन लाव. मी जाते."

"का गं?"

"तुझी गाडी चुकली माझ्यापायी."

"चुकली. उद्या नाही चुकणार."

"उद्या बी चुकंल. जल्माचा हात हाय ह्यो. चार वाजले की आपसूक चालतो. मी झोपून बी बांधीन."

"मग दुपारी बांध," मी म्हणाले. "आम्ही गेल्यावर काय ते बांध आणि संध्याकाळी सोड. कुणाची अडचण नाही."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की ही कशी काय कॉलेज शिकली. "निघायचं नाय तर बांधायचं कशाला? येडी का काय मी?"

नवरा टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत होता. आई त्याच्याकडं न बघता त्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तळ हालला की मागं कोन ऱ्हातं, ठाव हाय का?"

"कोण?"

"लंगडी मेंढी. आन् तिला बी दुसऱ्या दिशी कुनीतरी इकून टाकतं."

ती हसली म्हणून नवराही हसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हसायचं नव्हतं. मी लसणाच्या पाकळ्या उगाच इकडच्या तिकडं केल्या. मी बसला जाते, लेक शाळेच्या रिक्षाला, नवरा स्कूटरवर. साडेसातला दार लागतं. आतून लावणारी ती एकटीच.

मी सरळ बोलणारी बाई आहे, मला गोल गोल जमत नाही. मी म्हणाले, "हे बघ आई, तुला बांधायला नको असं मी म्हणतच नाही. पण तळावर सगळेच निघतात, घरात तसं नसतं. गाळणी कुठं जात नाही, मिक्सर कुठं जात नाही. तेव्हा जो निघणार त्याचं बांधायचं, आणि जे राहणार त्याला हात लावायचा नाही. माझी पिशवी, डबा, बूट. पोरीचं दप्तर. ह्यांचं हेल्मेट. हे सगळं उजाडायच्या आत दाराशी. जमेल?"

आईनं डोकं हलवलं. पटलं होतं. एक पाकळी सोलून झाली, दुसरी घेतली.

"आन् मी?" ती म्हणाली.

"तू काय?"

"मी निघनारी का ऱ्हानारी?"

ह्याचं उत्तर बी.एस्सी.त नव्हतं. आईनं आमच्या तोंडांकडं बघितलं, सोललेला लसूण वाटीत टाकला आणि स्वतःच निकाल दिला, "मग मी बी निघते सकाळी."

"कुठं?"

"ते निघाल्यावर कळंल. मेंढ्या घिऊन निघतो तवा पुढचं रान कुनाला ठाव असतं?"

दुसऱ्या दिवशी दाराशी माझी पिशवी, त्यावर डबा, शेजारी बूट, आणि बुटांत मोजे. दप्तराच्या पट्ट्या सोडवून ठेवलेल्या. हेल्मेटमध्ये स्कूटरची किल्ली आणि रुमाल. ओळीच्या शेवटी एक लहान गाठोडं: भाकरी, लोणच्याची फोड, पाण्याची बाटली, बटणांचा मोबाईल. गाळणी गाळणीच्या जागी होती. मी बसला वेळेआधी पोचले. आई नातीचा हात धरून जिना उतरली ती रिक्षाच्या कोपऱ्यावरून पुढं निघून गेली, असं लेकीनं मला नंतर सांगितलं. घराची एक किल्ली कमरेच्या चंचीत घेऊन.

लॅबमध्ये माझं कशात लक्ष नव्हतं. बायपास म्हणजे काय रान आहे का? ट्रक काय, टँकर काय. जेवायच्या सुट्टीत फोन लावला.

"कुठंयस गं?"

"हितंच. कामात हाय, मंग बोलते."

आणि ठेवला. कामाचं कारण सांगून आईनं माझा फोन ठेवला, हे जन्मात पहिल्यांदा झालं. मी डबा उघडा टाकून बसून राहिले आणि मग मला हसूच आलं.

काम असं होतं. चौकात एक भाजीवाली बसते, तीही गंगापूरकडचीच. तिचा माल पहाटे मंडईतून येतो तो नुसता ढीग. मेथी, कोथिंबीर, शेपू. गिऱ्हाईक यायच्या आत त्याच्या जुड्या बांधायच्या असतात आणि तिचे हात दोनच. आई दम खायला तिच्या शेजारी टेकली, बसल्या बसल्या एक जुडी बांधली, मग दुसरी. भाजीवाली रबर लावत होती. आईनं रबर बाजूला सारलं आणि केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट मागून घेतलं. "रबरानं दांडी मोडती, बाई. आवळायचं नसतं, धरायचं असतं."

"मावशी, उद्या येता का?" भाजीवालीनं विचारलं असणार. आईनं मला तसं सांगितलं नाही. तिनं मला फक्त मेथी दिली. दुपारी घरी येताना ती रोज काहीतरी आणू लागली. मेथी, चुका, कधी उरलेली वांगी. संध्याकाळी मी आले की भाजी निवडलेली असायची. एकदा मी म्हणाले, एवढं कशाला आणतेस, तर म्हणाली, "आनते तर खा. लेकीच्या घरचं खाती असं कुनी म्हनाया नको. लेक माझ्या घरचं खाती." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. मेथी मात्र आम्ही इतकी खाल्ली की नवरा एक दिवस ताटाकडं बघत म्हणाला, "मामी, त्या बाईकडं बटाटे नसतात का?"

"बटाट्याला बांधायचं काय, जावयबापू?"

घर मात्र असं चालायला लागलं की मीच कधीकधी थांबून बघते. माझी रात्रीची तयारी आणि तिची पहाटेची, ह्या दोन्हीत फट राहत नाही. मी चिरून ठेवते, ती बांधून ठेवते. लेक आता झोपायच्या आधी स्वतः दप्तर भरते, कारण आजी भरते तेव्हा जड पुस्तकं खाली घालते आणि पहिला तास नेमका गणिताचा असतो. पाणी यायच्या दिवशी आई भाजीवालीला सांगून उशिरा जाते. एवढी सुट्टी ती घेते. बाकी रविवारही नाही. "मेंढरांना रईवार असतो का?" असं तिचं म्हणणं. भाजीवालीकडं मेंढरं नाहीत हे मी सांगून बघितलं.

पाऊस लागला आणि थोरला भाऊ आला. न कळवता, शनिवारी सकाळी, गंगापूरहून जीपनं. मी लॅबमध्ये.

"अगं दाराला कुलूप. आई कुठंय?" त्याचा फोन.

"चौकात बघ. भाजीवालीपाशी."

तो घाबरलाच. "तिथं काय करती?"

"बघ तर जाऊन."

पुढचं मला त्यानंच संध्याकाळी सांगितलं, अर्धं रागानं आणि अर्धं हसत. तो गेला, पाया पडला. आईनं त्याला बस म्हटलं, आणि एवढा ढीग होऊ दे म्हटलं. मग तो तिथं पोत्यावर बसला, पागोटं बांधलेला धनगर, आणि दोन गिऱ्हाइकांनी त्याला कोथिंबिरीचा भाव विचारला. आईनं त्याला घरी नेऊन जेवू घातलं. मी घरी पोचले तेव्हा तो हॉलमध्ये टेकून बसला होता आणि आई स्वयंपाकघरात काहीतरी करत होती.

"तू तरी सांग तिला," तो मला म्हणाला. "गावात लोक विचारत्यात. दोन ल्योक असून आई बहिणीकडं का म्हून."

मी ठरवलं होतं की मी बोलायचं नाही. आईला ठेवायची माझी इच्छा तिला माहीत होती, त्यालाही माहीत होती. आता तिनं बोलायचं.

आई बाहेर आली. तिच्या हातात एक गाठोडं होतं, चांगलं घट्ट, चारी टोकं वर घेऊन बांधलेलं. निघाली, मला वाटलं. तिनं ते भावाच्या मांडीवर ठेवलं.

"भाकरी हाय, मेथी हाय, पोरांला चिवडा हाय. आंबाडीची जुडी निराळी ठिवली, चेपू नको. उठ, शेवटची जीप जाईल."

"आन् तू?"

"मला उद्या लवकर जायचंय. शेपू लई येनार हाय म्हनली ती."

भाऊ माझ्याकडं बघत राहिला, मग गाठोड्याकडं. त्यानं ते उचलून बघितलं, आमचे लोक वजन बघतात तसं. मग हसला आणि उठला.

आई त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली. वरून मला तिचा आवाज ऐकू आला.

"दिवाळीला तिघं-चौघं या. पर फोन करून या रं. मी घरी असंनच असं नाय."