मी दाबलेल्या गादीवर त्याचा सासरा

बायांनो, आज सकाळी माझ्या नातवानं मला चांगलंच फसवलं.

भात झोडून झालं तसा तो थंडीत फटफटी खोलून बसला. म्हणाला, "आजी, मागं गादी करतो, तुला धसईला तुझ्या बहिणीकडं नेतो." बहीण अंथरुणाला खिळलीय, माझ्यानं चालवत नाय, म्हणून मी उशीतला कापूस काढून दिला. तर म्हणाला, "आता रोज बसत जा, म्हंजे कापूस दबेल." मी अंड्यावरच्या कोंबडीसारखी रोज बसले.

आज त्या गादीवर, त्याच्या मागं, त्याचा सासरा बसून मुरबाडला निघाला.

"अरे, आन् मी?"

"पुढच्या खेपेला गो आजी."

लढाईपायी पेट्रोल मिळत नाय, होतं ते आजच संपणार, पुढची खेप कुठली? मी बैलगाडी जुंपायला सांगितलीय.

तुमीच सांगा गो, जावई झालेला नातू परत नातू होतो का?