काढलेली अकरा पानं

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. तेही एक नाही, दोन पदव्यांचा. बीडच्या कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग, आणि त्याच वर्षांत मुक्त विद्यापीठातून इतिहास घेऊन बी.ए. ही दुसरी पदवी घ्यायला लावली आमच्या प्रोजेक्टच्या सरांनी. कॅन्टीनमध्ये म्हणाले, "नुसता इंजिनिअर होऊ नकोस. माणसांचं ऐकायला शीक." मी त्याच आठवड्यात फॉर्म भरला.

शेवटच्या वर्षी दोन्ही शिक्षणं एका प्रोजेक्टात आणली. पाली गावाकडच्या एका पाझर तलावाच्या बांधाखालून पाणी कुठं झिरपतं, हा विषय. लेव्हल मशीन लावून उतार मोजले. पण उत्तर दिलं माझ्या वडिलांनी, दादांनी. दादा जन्मभर मेंढरं राखतात. शेतकरी खतासाठी रानात कळप बसवून घेतात. कुठल्या रानात कळप बसला, कुठं बसला नाही, हे त्यांना तोंडपाठ.

"त्या पट्टीत मेंढरं बसतच न्हाईत. वरून कोरडं दिसतंय, पर खाली लई ओल हाय."

मी तिथं खड्डे घेतले. ओल निघाली. दादांचं सगळं सांगणं त्यांच्याच बोलीत लिहिलं, अकरा पानं भरली. सर वाचून म्हणाले, "हेच तर हवं होतं मला."

दादांनी गावभर केलं, "माझं बोलणं इंजिनिअरच्या बुकात चाललंय." तोंडी परीक्षेला धुतलेला पटका बांधून माझ्यासोबत आले आणि कॉलेजच्या पायरीवर बसले.

बाहेरून आलेले परीक्षक पानं उलटता उलटता हसले. "आता मेंढरं इंजिनिअरिंग शिकवणार का?"

मी सरांकडं बघितलं. सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "याला मी बजावलं होतं सर, आर्ट्सचं खूळ घरी ठेव म्हणून. ऐकतच नाही."

"ती पानं काढून आण, मग सही करतो," परीक्षक म्हणाले.

मी फटकळ म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी टेबलावरून रिपोर्ट उचलला. कॉलेजातल्याच झेरॉक्सच्या दुकानात जाऊन स्पायरल सोडवलं, पानं काढली. खड्ड्यांचा तक्ता राहिला. खड्डे तिथंच का घेतले, ते गेलं.

सही घेऊन बाहेर आलो तर दादा उठून उभे. "घेतलं का माझं?"

"न्हाई दादा. काढलं."

"कावून? कुणी काढलं?"

सरांचं नाव सांगता आलं असतं. "मीच," म्हणालो.

त्यांनी पानं मागून घेतली. वाचता येत नाही, तरी एकेक उलटून बघितली आणि घडी करून बंडीच्या खिशात घातली.

दोन्ही पदव्या मिळाल्या. सरांशी मी पुन्हा बोललो नाही. दादा माझ्याशी बोलतात. फक्त मेंढरांचं, रानाचं काही विचारलं की म्हणतात, "तुमच्या बुकात आसंल की लिवलेलं. बघा तिथं."