खाकी कागदावरचा उजेड

पुंजाराम मास्तर वर्गात शिरले की पहिलं वाक्य ठरलेलं. "खोडरबर खिशात."

मंठ्याच्या त्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे बाकीच्यांच्या लेखी टिवल्याबावल्यांचा तास. मास्तरांच्या वर्गात मात्र पोरं फरशीवर पालथी पडून घाम गाळायची. चुकलेली रेघ पुसायची नाही, तिच्या शेजारी दुसरी ओढायची. "राहू द्या तिला. तिच्यामुळंच बराबर कोणती ते कळतंय."

नवे असताना मास्तरांनी हेडमास्तर अण्णासाहेबांकडं कागद मागितला होता. अण्णासाहेब म्हणाले, "तुमच्या वाड्यातल्या पोरांनी रेघोट्या मारायच्या, अन् शाळेनं कोरा कागद नासायचा?" मास्तर बौद्धवाड्यातले. असलं लहानपणापासून ऐकत आलेले. तरी हे जिव्हारी लागलं. पुन्हा त्यांनी हात पसरला नाही. कापडवाल्या बन्सीलालच्या दुकानी गाठींभोवती जाड खाकी कागद यायचा. बन्सीलाल म्हणाला, "ले जाव मास्तर. नाहीतर चुलीतच जातो."

त्या खाकीवरच मास्तरांनी आपली पद्धत बसवली. कागदच मातीच्या रंगाचा. अंधार कोळशानं भरायचा, उजेड खडूनं ठेवायचा. शेवटी तांब्याच्या पोटावर खडूचा एक ठिपका पडला, की तांब्या हातात घ्यावासा वाटायचा.

तो ठिपका कौसल्यासारखा कुणालाच जमायचा नाही. ती रामकिसनची पोरगी, मास्तरांच्याच गल्लीतली. तिला वाटूरचं स्थळ आलं होतं. मास्तर जाऊन रामकिसनच्या उंबऱ्यात बसले.

"दादा, पोरगी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा पास झाली तर औरंगाबादला कोर्सला धाडा. ड्रॉइंगची मास्तरीण होईल."

"अन् न्हाई झाली तं?"

"होईल."

"मास्तर, मी इचारून राह्यलो, न्हाई झाली तं?"

"मंग मी तुमच्या दारात पुन्हा शब्द काढणार न्हाई."

परीक्षा जवळ आली तसे अण्णासाहेब स्वतः वर्गात आले. हातात पांढऱ्या कागदांचा गठ्ठा. "परीक्षा पांढऱ्यावर असते, मास्तर. पोरांचा हात बसू द्या."

"शाळेचा कागद नासंल साहेब. माझ्या पोरांना कसाबी कागद चालतो."

पोरं हसली. कौसल्या सगळ्यात मोठ्यानं. गठ्ठा परत कपाटात गेला.

परतूरच्या केंद्रावर वस्तुचित्राला तांब्या, दोन वांगी अन् मागं कापड होतं. पेपर सुटल्यावर कौसल्या फाटकाबाहेर आली. बोटं तपकिरी झालेली.

"कागद पांढरा व्हता, सर. उजेड कुठं ठिवावा कळंना. मंग म्या आधी समदा कागद रंगानं खाकी करून घेतला. त्यो वाळंनाच. वाळला तवा घंटा झाली."

मास्तर म्हणाले, "चहा घेतला का?"

निकाल लागला. कौसल्या नापास. रामकिसन भांडायला आला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तो नुसता दारात उभा राहिला. "तुम्हीच सांगा मास्तर, आता थांबू का?" उन्हाळ्यात लग्न झालं. मास्तरांनी पंगतीत वाढलं, जेवले नाहीत.

शाळा उघडल्यावर ते अण्णासाहेबांपुढं उभे राहिले अन् पांढरा कागद मागितला. अण्णासाहेबांनी कपाट उघडलं. नव्या वर्गातल्या एका पोरीनं विचारलं, "सर, ह्याच्यावर खडू दिसंना. उजेड कसा काढू?"

"काढायचा नसतो. जिथं उजेड, तिथं हात लावायचा न्हाई. कागद तसाच सोडायचा."

एवढं बोलले अन् स्टुलावर बसले.

रविवारी ते वाटूरला गेले. कौसल्या पदर खोचून भिंत सारवत होती. "जयभीम सर," म्हणत लगबगीनं उठली. एक हात धुऊन पाणी दिलं. मास्तरांनी तांब्या तसाच हातात धरला अन् वर्गात सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. नीट, सावकाश, वर्गात सांगतात तसं.

कौसल्यानं ऐकून घेतलं. दुसऱ्या हातावरचं शेण वाळायला लागलं होतं.

"एवढंच व्हतं, सर?"

"एवढंच."

"बसा. चहा ठिवते."

भिंतीवर एक जागा कोरी राहिली होती. आधी ती तिनं सारवून घेतली, मग चूल पेटवली.