सासूबाईंनी निवडलेलं पॅनेल
चार्जिंगवरून काढलेला फोन हाताला गरम लागला की मला चामटोलीचं आमचं अंगण आठवतं. नवरा तेव्हा दुबईला होता. त्याला सुट्टी शुक्रवारची, म्हणून त्याचा फोनही शुक्रवारी संध्याकाळीच यायचा, आणि आमच्याकडे लोडशेडिंगमुळे घरातला एकुलता एक मोबाइल नेमका तेव्हाच मेलेला असायचा. शेवटी सासूबाईंना घेऊन मी उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या बाजारात सोलर पॅनेल आणायला गेले. मला मोठं हवं होतं. त्यांनी हातात तोलून हलकं, छोटं निवडलं आणि कपडा घेताना विचारतात तसं विचारलं, "उन्हात रंग नाय ना जाणार?" दुकानदार हसला, "माँजी, इसको तो धूप ही चाहिए." तरी पहिल्या शुक्रवारी, मी अंबरनाथला कंपनीत गेल्यावर, नवी वस्तू विटू नये म्हणून त्यांनी त्यावर जुनं लुगडं पांघरलं. मोबाइल बंदच राहिला. त्या रात्री आम्ही दोघीही नीट जेवलो नाही. पुढच्या शुक्रवारी घरी आले तर सासूबाई अंगणाच्या टोकाला, उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात, पॅनेल मांडीवर घेऊन बसलेल्या. ऊन सरकेल तसं ते दिवसभर उचलून फिरवत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो पदराने पुसून माझ्या हातात दिला. "तू बोल आधी. मी भाकरी टाकते." नवरा त्या दिवशी काय बोलला ते आता आठवत नाही. फोन देताना लागलेला त्यांचा तळवा फोनपेक्षा तापलेला होता, तो मात्र माझ्या हाताला अजून आठवतो.