हिरव्या नऊवारीतली बाई

आमच्या पिपलानी वसाहतीच्या कम्युनिटी हॉलमध्ये कॅन्सरची वेळेवर तपासणी व्हावी म्हणून निधी जमवायचा कार्यक्रम होता. नाचणाऱ्या बायकांना साड्या नेसवायचं काम माझ्याकडे होतं. साठीची एक बाई हिरवी नऊवारी घेऊन समोर आली. गडबडीत तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

पदराला पिन लावताना माझा हात तिच्या छातीच्या डाव्या बाजूला लागला. तिथे सपाट होतं. मी हात मागे घेतला, तशी ती हसली.

"घाबरतेस काय? घट्ट लाव. आज मला भरपूर उड्या मारायच्यात."

आणि तिने मारल्याही! फुगडीत जोडीदारीण दमली, तरी ही थांबेना. टाळ्या चालू असतानाच धापा टाकत तिने निवेदकाच्या हातातून माइक घेतला.

"बहनों, मला छातीत गाठ लागली त्याच आठवड्यात मी डॉक्टरांना दाखवली, म्हणून आज नाचतेय. बाहेर तपासणीची गाडी उभी आहे. शरमायचं काही नाही. चला माझ्याबरोबर!"

ती मंचावरून उतरून दाराकडे चालू लागली. मग पहिल्या रांगेतल्या एक आजी सुनेचा हात धरून उठल्या, आणि त्यांच्यामागे खुर्च्या भराभर रिकाम्या झाल्या. मीही निघाले.

आत नवरेमंडळी जेवणाच्या टेबलांपाशी आमची वाट बघत राहिली. बाहेर आमची रांग फाटकापर्यंत गेली होती, आणि ती बाई येणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीवर थाप मारून म्हणत होती, "शाब्बास गं!"