भासऱ्यांसमोरून गेलेली फळी

या उन्हाळ्यात नणदेची मुलगी पुण्याहून आली ती काखेत एक लांब फळी घेऊन. फळीला खाली चार चाकं. तिला लाँगबोर्ड म्हणतात, आणि पुण्याला ही पोरगी रोज सकाळी बागेतल्या रस्त्यानं तिच्यावर उभी राहून फिरते. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी फळी उलटीपालटी करून पाहिली.

"काऊन व पोरी, पाटाले चाकं काऊन लावले? जेवता जेवता माणूस ताटावरून पळून जाईन न!"

सगळं घर हसलं. मीही हसले. पण पाटाचं माझ्याही मनात आलं होतं, त्यांच्या आधी आलं होतं. माझं मनात राहतं, त्यांचं तोंडावर येतं, आणि घर त्यांच्या बाजूनं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून हे असंच आहे.

मेहकरात आमच्या घराजवळ एक बगीचा आहे. त्यात फिरायला सिमेंटचा रस्ता केलेला आहे, कडुनिंबांच्या खालून जातो आणि शेवटी मागच्या फाटकापाशी थोडा उतरतो. सकाळी आम्ही तिघी तिथं जायला लागलो. पोरगी फळीवरून वळणं घेत जायची, इकडून तिकडे, जशी गवताची काडी वाऱ्यानं हलते. पाहूनच माझ्या तळपायाला मुंग्या यायच्या.

पहिल्याच दिवशी जाऊबाई म्हणाल्या, "मले उभी कर त्याच्यावर." झालं. पदर खोचला, चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "धर व."

पोरीनं एका हातानं त्यांना धरलं, दुसऱ्या हातानं मोबाईलवर व्हिडिओ काढला. जाऊबाई अशा ओरडत गेल्या की फिरायला आलेली माणसं थांबून पाहू लागली. गुडघे ताठ, नजर पायाकडे. पोरगी सांगून थकली, "मोठी मामी, गुडघे वाकव, समोर बघ." त्यांना जमत नव्हतं. मला जमेल असं वाटत होतं. घरी भाकरी थापताना मी ओट्यापाशी गुडघे वाकवून उभी राहायची, एक पाय पुढे, एक मागे. कोणाच्या लक्षात आलं नाही.

पोरगी चांगली होती. तिनं मलाही विचारलं, "लहान मामी, तू येतेस?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊबाई बोलल्या, "ते काय चढते! जत्रेतल्या पाळण्यात बसली तं डोळे पांढरे केले व्हते तिनं."

मी म्हणाले, "नको." आणि चपला या हातातून त्या हातात घेतल्या. तो व्हिडिओ त्याच दिवशी सगळ्या नातेवाइकांच्या मोबाईलवर गेला. साखरखेर्ड्याहून माझ्या सख्ख्या बहिणीचा फोन आला तोही जाऊबाईंचं कौतुक करायला. मी फोन त्यांच्याकडे दिला आणि भांडी घासायला गेले. भांडी त्या दिवशी जोरात वाजली.

पोरगी जायच्या आदल्या दिवशी घरी कुरडयांचा चीक शिजत होता. शेजारच्या बाया आल्या होत्या. जाऊबाईंना तिथून हलता येईना. "तू जाय तिच्यासंगं," मला म्हणाल्या, "पोरगी एकटी कशी जाईन."

बगीच्यात पोरीनं पुन्हा विचारलं. मी "हाव" म्हणाले. इतकं हळू म्हणाले की तिनं "काय?" केलं, आणि मला ते आणखी एकदा म्हणावं लागलं.

मी पदर खोचून फळीवर उभी राहिले. तिनं माझा हात धरला आणि बाजूनं पळू लागली. सिमेंटच्या जोडांवर चाकं टकटक वाजत होती. गुडघे वाकवले, समोर पाहिलं. उतार लागला. आणि समोरच्या वळणावरून माझे भासरे आले, म्हणजे जाऊबाईंचे मालक, आपल्या दोन सोबत्यांबरोबर.

आमच्याकडे भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यावा लागतो. त्यांच्याशी बोलायचं नाही. तेही आम्ही दिसलो की खाकरतात आणि तोंड फिरवतात. इतक्या वर्षांत माझा हात आपोआप वर जातो, तो तसाच गेला. पोरीच्या हातातून मी हात सोडवला, खोचलेला पदर ओढून काढला, दोन्ही हातांनी डोक्यावर घेतला आणि मान खाली घातली.

मागून पोरगी ओरडली, "मामी, हात का सोडला!"

फळी चाललीच होती. भासरे खाकरले, गवतात उतरले आणि कडुनिंबाकडे तोंड करून उभे राहिले. मी पदर दातात धरून त्यांच्यासमोरून गेले. वारा पदरात भरला. उतार संपला, फळी हळू झाली, आणि फाटकापाशी मी आपल्या पायांनी खाली उतरले.

पोरगी धापा टाकत आली. "मामी, तू एकटी आलीस! आणि माझा मोबाईल खिशातच राहिला!"

घरी तिनं सगळ्यांना सांगितलं. जाऊबाई सोऱ्या दाबत होत्या. "जाय व, काहीबाही सांगते! ते अन् एकटी?" बाया माझ्याकडे पाहू लागल्या. तेवढ्यात भासरे फिरून आले आणि ओसरीवर बसले. जाऊबाईंनी आतूनच विचारलं, "अवो, तुम्ही व्हते न बगीच्यात? पाह्यलं का तुम्ही?"

मी दाराआड उभी होते. या घरात इतक्या आशेनं मी त्यांच्या बोलण्याची वाट कधी पाहिली नव्हती.

"मी कसा पाहीन? लहानी व्हती, मी निंबाकडे तोंड केलं." मग थोडं थांबून म्हणाले, "चाकं जवळून गेले, इतकं ऐकलं. पोरीचा आवाज मातर लय मागून आला."

बायांनी दाराकडे माना वळवल्या. जाऊबाईंचा सोऱ्या थांबला, पण घडीभरच. "मंग पदराचंच शीड झालं म्हना!" बाया हसल्या, आणि घर पुन्हा त्यांचं झालं.

पोरगी फळी घेऊन गेली. कोणी पाहुणं आलं की जाऊबाई अजून तो व्हिडिओ दाखवतात. मी चहा घेऊन जाते तेव्हा मलाही दिसतो. मधोमध त्या, ओरडताना. कडेला मी, त्यांच्या चपला हातात घेऊन. पाहुणे हसतात. भासरे तिथंच बसलेले असतात. चाकांचं त्यांनी एकदा पाहुण्यांनाही सांगावं असं फार वाटतं. मी पदर सारखा करते, कप ठेवते आणि आत जाते.