नऊ दिवसांचा स्लॅब

"मला भीती वाटते हो," असं म्हणूनच मॅडम अर्जाची फाइल उघडायच्या. त्याआधी तळहात फाइलवर सपाट ठेवायच्या, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

सोलापुरात आमचं एक छोटं फाउंडेशन आहे. टॉवेलच्या धंद्यात नाव कमावलेल्या एका घराण्याने काढलेलं. बालवाड्या, बचत गट, गावची वाचनालयं यांना आम्ही अनुदान देतो. कुणाला द्यायचं, कशासाठी द्यायचं आणि दिल्यावर तिथं नेमकं काय झालं, हे त्या बघायच्या. पावत्या आणि कागदपत्रं मी बघायचो, अजून बघतो. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही.

त्यांची भीती मोघम नसायची. केम गावच्या वाचनालयाचा अर्ज आला तेव्हा म्हणाल्या, "पुस्तकं येतील, कपाटही येईल. मला भीती वाटते, किल्ली हेडमास्तरांच्या खिशात राहील." भवानी पेठेतल्या बायकांना शिलाई मशिनी द्यायच्या ठरल्या तेव्हा म्हणाल्या, "देऊ की. पण दहा बाय दहाच्या घरात ती मावायची कुठं? खाटेखाली गेली की संपलं."

आमचे अध्यक्ष मोठ्याने हसायचे. "मॅडम, तुमच्या हाती कारभार दिला तर दिवाळीत सोलापुरात एक फटाका वाजायचा नाही."

त्याही हसायच्या आणि पुस्तकं पोचल्यावर एस.टी.ने केमला जाऊन यायच्या. किल्ली हेडमास्तरांच्या खिशातच असायची.

असं एखादं माणूस तुमच्याही कचेरीत असेल. आपण त्याची नक्कल करतो, डब्याच्या वेळी त्याच्यावरून हसतो. मीही हसलो आहे. मॅडम दुचाकीवर कधी बसत नसत. रिक्षातसुद्धा बरोब्बर मधोमध बसायच्या. "तोल जाईल का काय, सांगता येत नाही," म्हणायच्या.

आता ती गोष्ट सांगतो.

अनुदानाचा शेवटचा हप्ता सोडण्याआधी संस्थेने काय काय द्यायचं, याची अकरा कलमांची यादी मी केली होती. अकराव्या कलमाचा मला अभिमान होता: नव्या बांधकामात मुलं प्रत्यक्ष बसलेली आणि शेजारी फाउंडेशनचा फलक, असा एकत्र फोटो. पूर्वी एकदोन संस्थांनी भलत्याच खोल्यांचे फोटो पाठवून आम्हाला बनवलं होतं. त्यावर हा माझा उपाय.

त्या वर्षी सोलापूरजवळच्या कुंभारीच्या एका बालवाडीला आम्ही खोली बांधून देत होतो. विडी कामगार बायकांची मुलं तिथं दिवसभर असतात. जुनी खोली पत्र्याची, मार्चमध्येच भट्टी व्हायची. काम रेंगाळलं होतं आणि मार्चअखेर तोंडावर आली होती. बालवाडीच्या ताईंना मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा जरा कडकच बोललो. "फोटो नाही तर हप्ता नाही, ताई. माझ्या हातात काही नाही."

दोन दिवसांनी दुपारी बाराच्या सुमारास फोटो आला. फलक वाचता येत होता. मी मुलांची डोकी मोजली, अडतीस. ताईंनी पाठवलेल्या त्या दिवसाच्या हजेरीतही अडतीस. अकराव्या कलमासमोर मी खूण केली, खाली सही केली आणि जेवण उरकून मॅडमच्या सहीसाठी फाइल नेली.

त्यांनी नेहमीसारखा तळहात ठेवला, मग फोटो बघितला. बराच वेळ बघितला.

"अहो, ह्या मुलांच्या मागं भिंतीला बल्ल्या टेकवून ठेवल्यात, त्या कसल्या?"

"सेंट्रिंगच्या असतील. स्लॅबखालचे टेकू."

"काढले? स्लॅब कधी टाकला?"

मी फाइलमधून स्लॅबच्या दिवसाची, मिक्सर मशीनच्या भाड्याची पावती काढली. तारीख बघितली आणि बोटांवर मोजले. नऊ दिवस. टेकू निदान एकवीस दिवस काढायचे नसतात, हे माझं स्वतःचं घर बांधताना गवंड्याने मला दहादा बजावलं होतं. फोटोतली डोकी मी मोजली होती. त्यांच्यावरचं छत माझ्या नजरेला आलंच नव्हतं.

मॅडमनी ताईंना फोन लावला, वाजून बंद झाला. परत लावला, तेच. घड्याळात पावणेदोन झाले होते.

"जेवून मुलं झोपायची वेळ," त्या म्हणाल्या. "आत झोपवली असतील. नवी खोली गार असते."

पहिला विचार मुलांचा आला, असं लिहायला मला आवडलं असतं. पहिला विचार आला तो खुणेखालच्या माझ्या सहीचा.

"रिक्षा बघतो," मी म्हणालो.

"तुमची गाडी काढा."

त्या माझ्या मागे मोटरसायकलवर बसल्या. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. अक्कलकोट रस्त्यावर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. त्या एकदाही हळू म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या हाताने त्या स्पीकरवर सारखा फोन लावत होत्या आणि वाजणारी रिंग मला हेल्मेटमधून ऐकू येत होती. समोरून एक रुग्णवाहिका आली, सायरन वाजवत. ती कुंभारीकडूनच आली असं मला वाटलं. तिथून आली नव्हती, पण ते नंतर कळलं.

बालवाडीची भिंत उभी दिसली. गाडी मी स्टँडलाही नीट लावली नाही.

आत सतरंजीवर मुलं ओळीने झोपली होती. पंखा अजून बसला नव्हता, तरी खोली गार होती. छताला ओलसर काळे डाग होते आणि मधोमध केसासारखी एक बारीक चीर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी ओरडायला तोंड उघडलं तर मॅडमनी माझा दंड धरला.

"ओरडू नका. दचकून उठली तर आतच धावत सुटतील, कोपऱ्यात जातील. उचलून आणायची."

ताई बाहेरच्या चुलीपाशी होत्या. त्यांचा फोन जुन्या खोलीत पिशवीत पडलेला. आम्हाला बघून हसतच आल्या. "मॅडम, फोटू बरा आला न्हवं? टेकू मधी येत हुते, म्हणून मिस्त्रीला म्हटलं काढ की. सरांनी लई घाई लावली हुती."

"ताई, मुलं उचला. आवाज न करता. आत्ता."

मॅडमनी चपला काढल्या आणि आत गेल्या. ताई गेल्या, स्वयंपाकाच्या मावशी गेल्या. एकेक मूल बाहेर येत होतं. मी दारात उभा राहून हातातून हातात घेत होतो, दारालगतच्या कडुलिंबाखाली ठेवत होतो आणि मोजत होतो. मॅडम मूल उचलताना त्याच्या कानात पुटपुटायच्या, "बा कंदा, बा." घरी त्या कन्नड बोलत; ये बाळा, ये, असं त्या म्हणत होत्या. एखादं डोळे उघडायचं आणि त्यांच्या खांद्यावर परत मिटायचं.

सतरंजी मोकळी झाली. ताई दम खात झाडाशी बसल्या.

सदतीस झाली होती.

मी परत मोजली. सदतीस.

"एक कमी आहे," मी म्हणालो.

छतातून काहीतरी खाली पडलं. खडा असावा, सिमेंटचा. आवाज अगदी बारीक होता. मी उंबऱ्यावर होतो, दारापासून सगळ्यांत जवळ. माझे पाय हलले नाहीत. हे मी आजवर घरीही सांगितलेलं नाही.

मॅडम माझ्या बाजूने आत गेल्या. रिक्षात मधोमध बसणारी बाई त्या छताखालून पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली, गुंडाळून उभ्या केलेल्या चटयांच्या मागे वाकली आणि एका पोराला बखोटीला धरून उचलून, छातीशी लावून परत आली. चालतच आली. धावली नाही.

बाहेर आल्यावर मात्र त्या मातीतच बसल्या. मूल काढून घ्यायला मावशी पुढे झाल्या, पण त्यांनी दिलं नाही.

मिस्त्री तासाभराने आला. "काय बी हुत न्हाय ओ, मी किती स्लॅब टाकल्यात," म्हणत होता, पण टेकू लावताना त्यानेही वर फार बघितलं नाही. महिनाभर ते टेकू तसेच राहिले. इंजिनिअरने तपासून चीर भरून घेतली. तो स्लॅब पडला नाही. आजही उभा आहे आणि त्याखाली मुलं बसतात.

सभेत अध्यक्ष म्हणाले, "शेवटी काही झालं नाही ना, मॅडम? उगीच घाबरवलंत."

"नाही झालं," त्या म्हणाल्या. एवढंच. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. अकरावं कलम मी माझ्या हाताने खोडलं.

गेल्या थंडीत त्या गेल्या. त्यांचं काम आता माझ्याकडे आहे. पाहणीला मी स्वतः जातो आणि कुठल्याही खोलीत शिरलो की आधी वर बघतो. लोकांना वाटतं साहेबांची मान अवघडली आहे.

कुंभारीत त्या दिवशी संध्याकाळी मी म्हणालो होतो, "निघू या आता, मॅडम. पोरं सुखरूप आहेत. बायकांना कशाला सांगायचं?"

त्या निघाल्या नाहीत. फाटकाशी उभ्या राहिल्या. कारखान्यात विड्या देऊन बायका एकेक करून येत होत्या आणि मॅडम प्रत्येकीला थांबवून तेच सांगत होत्या. "आज तुमचं मूल कच्च्या छताखाली झोपलं होतं. चूक आमची." एक बाई आम्हाला वाट्टेल ते बोलली. एकीने पोराला छातीशी घट्ट धरलं आणि पळतच सुटली. एकजण म्हणाली, "मग उद्या कुटं ठेवायची ओ?" मॅडम म्हणाल्या, "जुन्या खोलीत. मी येते सकाळी."

चटयांमागं सापडलेल्या पोराची आई सगळ्यांच्या शेवटी आली. तोवर मॅडमचा आवाज बसला होता. मग मी सांगितलं. फोटो मी मागितला होता, घाई मी लावली होती, चूक माझी.

तिने मूल खाली उभं केलं आणि समोर उकिडवी बसली. त्याच्या डोक्यावरून, मानेवरून, दोन्ही दंडांवरून, पोटऱ्यांवरून सावकाश हात फिरवला. तंबाखूने पिवळी पडलेली तिची बोटं मुलाच्या पायांपर्यंत गेली, एकेका बोटाशी थांबली. सगळं जागच्या जागी होतं. तरी तिने पुन्हा डोक्यापासून सुरुवात केली.